मापात पाप नको

गेल्या पावसाळ्यातील एका दुपारची गोष्ट आहे. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे आठवीचा तास मजकडे आला. मी कलाशाखेचा पदवीधर. भाषा आणि इतिहास हे माझे विषय. प्रयोगशाळेतील काचेच्या नळ्यांना हात लावण्याचे धैर्य मजजवळ नव्हते. काय शिकवावे या विचारात असता वर्गासमोरील लांबलचक व्हरांड्याकडे माझी दृष्टी गेली. मी म्हटले, "हा व्हरांडा किती हात लांब आहे, ते मोजून सांगा पाहू." हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, हे आपणां सर्वांस घरून ठाऊक आहेच.

चार विद्यार्थी पुढे आले. वर्गातील सर्वांत उंच मुलाने ४० हात सांगितले. त्यामागून गेलेल्या दोन मुलींची उत्तरे ४२ आणि ४४ अशी आली. हे तिन्ही आकडे मी फळ्यावर लिहिले. चौथा मुलगा लहान चणीचा होता. तो भिंतीलगत वाकून ओठांतल्या ओठांत मोजीत गेला. शेवटचा हात टेकताना त्याच्या तोंडचा "सेहेचाळीस" हा शब्द मी स्पष्ट ऐकला. परंतु वर्गात येऊन फळ्याकडे पाहताच तो म्हणाला, "सर, त्रेचाळीस."

मी त्या वेळी काही बोललो नाही. त्याने आकडा का बदलला, आणि त्याचे खरे उत्तर कोणते होते, हा विचार मात्र घरी जाईपर्यंत माझ्या मनातून जाईना. त्या विचारातूनच हा लेख लिहिला आहे. मापन म्हणजे काय, शास्त्रीय शोध कशास म्हणावे, आणि या दोहोंचा प्रामाणिकपणाशी संबंध काय, एवढेच मला सांगावयाचे आहे.

चौघांची चार उत्तरे आली यात नवल काहीच नाही. माणसाने मोजमापास आरंभ केला तो आपल्या देहापासून. बोट, मूठ, वीत, हात, पाऊल ही मापे माणूस जन्मतःच बरोबर घेऊन येतो. ती हरवत नाहीत की विकत आणावी लागत नाहीत. विहिरीची खोली परसांत सांगावी, वस्त्राची लांबी हातांत सांगावी, अशी आपली जुनी रीत होती. घरगुती कामास ती पुरेशीही होती. अडचण येते ती दोन माणसांमध्ये व्यवहार होऊ लागला म्हणजे. कारण मग प्रश्न उभा राहतो, की हात कोणाचा धरावयाचा? घेणाऱ्याचा, की देणाऱ्याचा?

हा प्रश्न आपल्या पूर्वजांस पडला नव्हता असे नाही. शिवछत्रपतींच्या कारकीर्दीत अण्णाजी दत्तो यांनी जमिनीची मोजणी केली, तेव्हा मोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठी एवढ्या लांबीची ठरविली होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असा हिशेब असे. मोजणी करणाराचा हात लांब की आखूड, यावर शेतकऱ्याचा सारा अवलंबून राहू नये, यासाठी काठी ठरवून देणे अवश्य होते. माप नेमून देणे हे न्यायी राज्याचे एक मुख्य कर्तव्य होय, हे यावरून ध्यानात येईल.

धान्याच्या मापांची कथा याहून गुंतागुंतीची. मापटे, शेर, पायली, मण, खंडी ही नावे आपण आजही घरातील वडील मंडळींच्या तोंडून ऐकतो. चार शेरांची पायली हे पाठ असले, तरी शेर मात्र गावोगाव निराळा. माझ्या कोकणी घरी भात कुडवाने मोजीत आणि वीस कुडवांची एक खंडी धरीत. घाटावर हीच खंडी वीस मणांची. शब्द एकच, परंतु धान्याची रास वेगळी.

शिवाय माप एकच असले तरी ते भरण्याच्या तऱ्हा दोन. पायली काठोकाठ भरून वरून हात फिरविला की ती सपाट पायली झाली. तीच पायली शीग लावून भरली, म्हणजे वर धान्याचा शंकू उभा राहीपर्यंत ओतली, की तीत कितीतरी जास्त धान्य मावते. पावसाळ्यात घरातील दाणा संपला म्हणजे गरीब शेतकरी सावकाराकडून खावटीसाठी धान्य उसने आणी. देताना सपाट पायली आणि सुगीनंतर परत घेताना शिगोशीग पायली, अशा व्यवहाराच्या आठवणी वृद्ध माणसे अजूनही सांगतात. व्याज निराळेच. पायली तीच, मोजणारा हातही तोच. परंतु गरिबाच्या घरातील चार दिवसांचे अन्न त्या शिगेतून निघून जाई. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत उगाच आलेला नाही.

हे केवळ ऐकून विश्वास ठेवू नका. घरी एक डबा घ्या. तो तांदळाने सपाट भरा आणि ते तांदूळ तराजूत तोलून आकडा लिहा. मग तोच डबा शीग लावून भरा व पुन्हा तोला. फरक किती येतो ते पाहा. पसरट डब्यात फरक जास्त, उभट डब्यात कमी, असे दिसून येईल. तसे का व्हावे, याचा विचार तुम्हीच करा. एवढे केलेत की तुमच्या हातून एक छोटासा शास्त्रीय प्रयोग पार पडला असे समजा.

आता थोडा दूरचा प्रवास करू. आपल्याकडील सावकाराच्या पायलीसारखीच मापे फ्रान्समध्येही होती. तेथे जमीनदार धान्याच्या रूपाने खंड घेत, आणि ज्या मापाने तो घेत ते माप त्यांच्याच वाड्यात असे. १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या आरंभी गावोगावच्या लोकांनी आपली गाऱ्हाणी लिहून राजाकडे पाठविली. सर्व देशात एकच वजन व एकच माप असावे, ही मागणी त्या गाऱ्हाण्यांत ठिकठिकाणी आढळते. आज आपण पट्टीवर जो मीटर पाहतो त्याचे मूळ या गाऱ्हाण्यांपर्यंत पोहोचते, ही गोष्ट विसरू नये. शास्त्रज्ञांनी ती मागणी हाती घेतली आणि विचार केला, की राजाचा हात नको, जमीनदाराचे माप नको. जी सर्व मानवजातीची सामाईक आहे त्या पृथ्वीवरूनच माप घ्यावे. १७९१ मध्ये असे ठरले, की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत जे अंतर आहे त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर.

ठरविणे सोपे, मोजणे कठीण. ध्रुवापर्यंत कोण जाणार? म्हणून डंकर्कपासून बार्सेलोनापर्यंतचा रेखावृत्ताचा तुकडा त्रिकोणांच्या साखळीने मोजून त्यावरून सर्व अंतर गणिताने काढावयाचे, अशी योजना झाली. देलाम्ब्र आणि मेशें हे दोन ज्योतिर्विद १७९२ मध्ये निघाले. देलाम्ब्रने उत्तरेकडील भाग घेतला, मेशेंने दक्षिणेकडील. देशात क्रांतीचा वणवा पेटलेला, सीमेवर युद्ध सुरू. उंच मनोऱ्यांवर चढून दुर्बिणीतून पाहणाऱ्या या माणसांना लोक हेर समजून अडवीत. लवकर उरकावयाचे काम सहा वर्षे चालले.

या कथेतील सर्वांत बोधप्रद भाग मेशेंचा आहे. बार्सेलोना येथे त्याने ताऱ्यांचे वेध घेऊन एका ठिकाणाचा अक्षांश काढला. पुढे जवळच्याच दुसऱ्या ठिकाणाहून तेच काम केले तेव्हा दोन उत्तरांत सुमारे ३ विकलांचा फरक आला. जमिनीवर हा फरक सुमारे १०० मीटरांचा होतो. मेशें अत्यंत काटेकोर माणूस. आपल्या हातून चूक झाली या विचाराने तो खचला. त्याने तो फरक कोणासही सांगितला नाही. उलट नोंदी अशा रीतीने मांडल्या की कोणाच्या ध्यानात काही येऊ नये. १७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटर तयार झाला, मेशेंचा गौरव झाला, परंतु त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. ती मोजणी दक्षिणेकडे आणखी वाढवावी म्हणून तो पुन्हा स्पेनमध्ये गेला, आणि १८०४ मध्ये तेथेच पीतज्वराने मरण पावला. त्याचे कागद देलाम्ब्रच्या हाती आले तेव्हा लपविलेला फरक उघडकीस आला.

पुढे गणितज्ञांनी हे वेध पुन्हा तपासले. त्यांतून असे दिसून आले, की मेशेंचा हात वा डोळा चुकला नव्हता. कितीही काळजी घेतली तरी प्रत्येक मोजणीत थोडी अनिश्चितता राहतेच, आणि काही दोष उपकरणातच असतो, हे ज्ञान त्या काळी पुरतेपणी झालेले नव्हते. म्हणजे ज्या फरकाची त्याला लाज वाटली तो फरकच एका नव्या ज्ञानाची किल्ली होता. त्याने तो त्याच वेळी मोकळेपणाने मांडला असता, तर त्याच्या आयुष्याची शेवटची वर्षे कदाचित सुखाची गेली असती. जाता जाता हेही सांगतो, की आजच्या मोजणीप्रमाणे ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर १०,००० किलोमीटर नसून सुमारे १०,००२ किलोमीटर आहे. म्हणजे पहिला मीटर ठरल्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड झाला, आणि तोच जगाने पत्करला.

मेशेंची ही कथा वाचताना मला आमच्या व्हरांड्यातील तो लहान मुलगा आठवला. दुसऱ्या दिवशी मी मीटरची फीत घेऊन वर्गात गेलो. व्हरांडा तीन वेळा मोजला. उत्तरे १८.३६, १८.३४ आणि १८.३७ मीटर अशी आली. मग चौघांचे हात मोजले. उंच मुलाचा हात ४६ सेंटिमीटर. त्याच्या ४० हातांचे झाले १८.४० मीटर. मुलींचे हात ४४ आणि ४१.५ सेंटिमीटर, त्यांच्या मोजणीचे झाले १८.४८ आणि १८.२६ मीटर. त्या लहान मुलाचा हात भरला ४० सेंटिमीटर. मी फळ्यावर लिहिले: ४३ गुणिले ४० म्हणजे १७.२० मीटर. वर्ग म्हणाला, चूक. मग त्याच्याकडे पाहून मी विचारले, "तू खरोखर किती मोजले होतेस?" थोडा वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सेहेचाळीस." ४६ गुणिले ४० म्हणजे १८.४० मीटर. त्याचे लपविलेले उत्तर सर्वस्वी बरोबर होते. चुकीचे होते ते केवळ इतरांच्या आकड्यांशी जुळावे म्हणून बोललेले उत्तर.

मुलांनो, शास्त्रीय शोधाचा पहिला नियम हाच आहे: डोळ्यांनी जे पाहिले आणि हातांनी जे मोजले, तेच लिहावे. शेजाऱ्याच्या उत्तराशी ते जुळत नसेल तर खोडू नये. का जुळत नाही याचा शोध करावा. त्या दिवशी ४६ आणि ४० यांतील फरकाचा शोध केला म्हणूनच 'हात' हे माप व्यक्तीगणिक बदलते, ही गोष्ट आम्हांस आकड्यांनी सिद्ध करता आली.

मीटरची पुढील कथा थोडक्यात सांगतो. २० मे १८७५ रोजी पॅरिस येथे १७ राष्ट्रांनी मीटरविषयीच्या करारावर सह्या केल्या. १८८९ मध्ये प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचे मीटर व किलोग्रॅमचे नमुने मान्य झाले आणि त्यांच्या प्रतिकृती निरनिराळ्या देशांस दिल्या जाऊ लागल्या. आपल्या देशाचा नमुना किलोग्रॅम क्रमांक ५७ चा असून तो नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. परंतु धातूचा तुकडा कितीही जपला तरी तो धातूच. मूळ किलोग्रॅम व त्याच्या प्रतिकृती यांच्या वजनांत शंभर वर्षांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ग्रॅमच्या वीस हजाराव्या हिश्श्याएवढा, फरक पडल्याचे आढळले. म्हणून शास्त्रज्ञ पुन्हा निसर्गाकडे वळले. १९८३ पासून, प्रकाश निर्वात जागेतून एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढे अंतर कापतो तो मीटर, अशी व्याख्या आहे. आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमही प्लांकचा स्थिरांक या निसर्गातील न बदलणाऱ्या राशीवरून ठरविला जातो. पृथ्वीवर कोठेही, कोणासही, कोणाच्या तिजोरीची किल्ली न मागता तपासता यावे, हाच यामागील हेतू होय.

आपल्या भागाचा या इतिहासाशी विशेष योग आहे. नगर हवेली १७८३ मध्ये व दादरा १७८५ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. पोर्तुगालने दशमान पद्धती १८५२ मध्येच कायद्याने पत्करली होती, आणि १८७५ च्या करारावर सही करणाऱ्या १७ राष्ट्रांत तोही होता. सीमेपलीकडील ब्रिटिश मुलखात मात्र वार, मैल, पौंड व शेर चालत. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्व्हासा मुक्त झाले आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला. नेमक्या याच सात वर्षांत भारताने आपली मापे बदलली. १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने बाजारात येऊ लागली, आणि १९६२ पर्यंत शेर व मण व्यवहारातून कायद्याने दूर झाले.

या बदलाने विद्यार्थ्यांचे केवढे श्रम वाचले, ते तुमच्या आजोबांस विचारा. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पया. मणाचे चाळीस शेर, शेराचे ८० तोळे. ३ मण १७ शेरांचे शेर करावयाचे तर तीनाला चाळीसाने गुणून सतरा मिळवा, म्हणजे १३७. आज ३ किलोमीटर १७० मीटर म्हणजे ३,१७० मीटर, हे वाचतानाच कळते. किलो म्हणजे हजारपट, सेंटी म्हणजे शंभरावा भाग, मिली म्हणजे हजारावा भाग. एवढे तीन शब्द ज्यास कळले त्यास लांबी, वजन आणि आकारमान या तिन्हींची कोष्टके आली.

तथापि कायदा एका दिवसात होतो, सवय जाण्यास पिढ्या लागतात. जमीन अजूनही गुंठ्यांत सांगितली जाते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, सुमारे १०१ चौरस मीटर. सोने तोळ्यांत मागितले जाते. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, आज पुष्कळ पेढ्यांवर तोळा म्हणजे १० ग्रॅम समजतात. म्हणून कोणी तोळ्याचा भाव सांगितला तर, "ग्रॅम किती?" असे नम्रपणे विचारावे. दुकानातील वजनांवर व काट्यांवर वैधमापन खात्याची तपासणीची मुद्रा असावी लागते. ती पाहणे हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यात दुकानदाराचा अपमान नाही.

दशमान पद्धतीचे खरे सौंदर्य असे, की तिची मापे एकमेकांशी नाते सांगतात. १० सेंटिमीटर लांब, रुंद व उंच अशा पेटीत १ लिटर पाणी मावते, आणि त्या पाण्याचे वजन जवळजवळ १ किलोग्रॅम भरते. हे नाते ध्यानी घेऊन आपल्या पावसाचा विचार करा. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अंगणात १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे तेथे बरोबर १ लिटर पाणी पडले. शाळेचे छप्पर २० मीटर लांब व ६ मीटर रुंद असेल आणि एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावर ६,००० लिटर पाणी पडते. गलोंड्यासारख्या गावी, जेथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तेथे पागोळ्यांवाटे किती पाणी वाहून जाते, आणि तरीही उन्हाळ्यात हंडा घेऊन का हिंडावे लागते, हा हिशेब प्रत्येक घराने एकदा मांडून पाहण्यासारखा आहे.

पाऊस मोजण्यास मोठे यंत्र लागत नाही. उभ्या भिंतींचा, सपाट तळाचा एक डबा उघड्या जागी, झाडापासून व छपरापासून दूर, पक्का बसवावा. रोज सकाळी ठराविक वेळी त्यातील पाण्याची खोली मिलिमीटरपट्टीने मोजावी, लिहावी आणि डबा रिता करावा. भारतीय हवामान खाते सकाळी ८.३० वाजता ही नोंद घेते. आपणही तीच वेळ पाळावी. वर्गात मी विचारले, "रुंद डब्यात जास्त मिलिमीटर भरतील की अरुंद डब्यात?" बहुतेकांनी रुंद असे सांगितले. दोन्ही डबे शेजारी ठेवले. दुसऱ्या दिवशी दोहोंतील खोली जवळजवळ सारखीच निघाली. रुंद डब्यात पाणी जास्त पडते खरे, पण ते पसरतेही तितकेच.

अशा नोंदींची किंमत केव्हा कळते? २६ जुलै २००५ रोजी मुंबईस जो प्रलय झाला, त्या वेळी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच मुंबईतील कुलाब्यास त्याच काळात १०० मिलिमीटरसुद्धा पाऊस झाला नव्हता. 'मुंबईत फार पाऊस झाला' या वाक्यात जे कळत नाही ते या दोन आकड्यांत कळते.

आता शोधाची रीत एका सोप्या प्रयोगाने समजून घेऊ. मजबूत दोऱ्यास दगड बांधून तो टांगा. लंबक तयार झाला. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर अंतर ठेवा. दगड किंचित बाजूस ओढून सोडा आणि दहा पूर्ण झोक्यांस किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. उत्तर २० सेकंदांच्या आसपास येईल. आता प्रश्न असा: दगड दुप्पट जड घेतला तर झोका जलद होईल की मंद? प्रथम आपला तर्क वहीत लिहा. तर्क आधी लिहिण्याचे कारण असे, की उत्तर कळल्यावर 'मी तेच म्हणत होतो' असे म्हणण्याचा मोह सर्वांसच होतो. मग केवळ दगड बदला. दोऱ्याची लांबी व ओढण्याचे अंतर तेच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. आमच्या वर्गात हलक्या दगडाने २०.१, १९.९ आणि २०.३ सेकंद आले. जड दगडानेही तसेच. जड दगड जलद झुलेल असे म्हणणाऱ्यांचा तर्क पडला, आणि त्यात लाजण्याजोगे काहीच नव्हते. मग दोरा पाव मीटर केला. मुलांस वाटले, वेळही पावपट होईल. झाली निम्मी, म्हणजे १० सेकंद. असे का, हे तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. परंतु तसे होते, ही गोष्ट आज तुमच्या हाताने तुम्हांस सांगितली आहे.

एका गटाचा एक आकडा २२ सेकंद आला. तो खोडावा काय, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. पुन्हा पाहता कळले, की मोजणाऱ्याने दहाऐवजी अकरा झोके मोजले होते. तेव्हा आकडा तसाच ठेवून त्याशेजारी कारण लिहून ठेविले.

या लंबकाचा मीटरशीही संबंध आहे. एक झोका जाण्यास एक सेकंद लागेल अशा लंबकाची लांबी सुमारे ९९ सेंटिमीटर भरते, म्हणून तिलाच मीटर म्हणावे अशी एक सूचना फ्रान्समध्ये पुढे आली होती. परंतु १६७२ मध्ये रिशे नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळील कायेन येथे गेला असता, पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. स्थळ बदलले की लंबकाची गती बदलते, असा याचा अर्थ. जे माप स्थळागणिक बदलते ते सर्व जगाचे कसे व्हावे? म्हणून ती सूचना मागे पडली. कोपरापासून मोजलेला हात आणि घड्याळाचा लंबक, दोघेही एकाच कसोटीस उतरले नाहीत.

आणखी एक सूचना. आकडा कधीही एकटा लिहू नका. त्याचे एकक बरोबर असू द्या. १९८३ मध्ये कॅनडातील एका प्रवासी विमानास २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. हिशेबात एककांचा घोळ होऊन ते २२,३०० पौंड भरले गेले. पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणून इंधन निम्म्याहूनही कमी झाले आणि विमान उंच आकाशात असताना दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाच्या कौशल्याने ते जुन्या धावपट्टीवर उतरले व सर्वांचे प्राण वाचले, हे सुदैव. १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेले नासाचे एक यान मात्र वाचले नाही. एका गटाने पौंडाच्या मापात दिलेले आकडे दुसऱ्या गटाच्या गणनेत दशमान एककांचे समजले गेले, आणि ते यान मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. एवढे मोठे शास्त्रज्ञ जेथे चुकतात, तेथे वहीत '५० लांबी' असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सावध राहावे हे बरे.

विद्यार्थी मित्रहो, शास्त्र म्हणजे केवळ मोठी यंत्रे व अवघड शब्द नव्हेत. प्रश्न विचारणे, तर्क लिहून ठेवणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, पुन्हा पुन्हा मोजणे आणि जे आले ते जसेच्या तसे सांगणे, ही त्याची रीत आहे. ती शेतात, स्वयंपाकघरात व बाजारातही चालते. जो विद्यार्थी आज डब्यातील पाऊस प्रामाणिकपणे मोजील, तोच उद्या आपल्या बापाचे भात काट्यावर चढेल तेव्हा काट्याकडे नीट पाहील. आणि कधी काटा त्याच्याच हाती आला, तर दुसऱ्याच्या भाताची शीग आपल्या पदरात ओढणार नाही.

व्हरांडा मोजणारा तो लहान मुलगा आता आमच्या पावसाच्या वहीचा कारभारी आहे. परवा मी ती वही चाळली. एका पानावर रोजचे आकडे ओळीने होते: १२ मिलिमीटर, ३७ मिलिमीटर, ४ मिलिमीटर. मध्येच एका रविवारची जागा होती. मागचापुढचा पाऊस पाहून तेथे एखादा आकडा सहज बसविता आला असता, आणि कोणाच्या ध्यानातही आले नसते. तेथे त्याने स्वच्छ अक्षरांत लिहिले होते, "मोजले नाही."